संकेतस्थळ सुरू करण्याआधी

चि. सोनू,


किल्ल्यांच्या भटकंतीवर लिहायला स्वतःचं संकेतस्थळ काढतोयस, हे वाचून फार आनंद झाला. सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं म्हणतोस, तर थीम बघून मुळीच ठरवू नकोस. उद्या ते सोडायची वेळ आली तर आपलं लिखाण सगळंच्या सगळं बाहेर काढता येईल का, एवढं आधी बघ. जिओसिटीजवर लोकांनी किती हौसेनं पानं उभारली होती! याहूनं २००९ मध्ये अमेरिकेतली ती सेवा बंद केली. पोस्टरस ही ब्लॉगसेवाही २०१३ मध्ये बंद झाली.

माझं मत वर्डप्रेसच्या बाजूनं आहे, ते त्याच्या जन्मकथेमुळे. मिशेल वाल्द्रिगी नावाचा प्रोग्रॅमर बी-टू हे ब्लॉगचं सॉफ्टवेअर लिहीत होता. पुढे त्याचा पत्ताच लागेना आणि काम खोळंबलं. पण बी-टू जीपीएल परवान्याखाली होतं. म्हणजे कोड कुणीही घ्यावा, बदलावा, वाटावा. फक्त बदललेलं वाटताना पुढच्यालाही तीच मोकळीक द्यायची. जानेवारी २००३ मध्ये मॅट मुलेनवेग या एकोणीस वर्षांच्या अमेरिकन मुलानं जाहीर केलं की हे काम पुढे न्यायचा विचार आहे. इंग्लंडमधल्या माइक लिटलनं साथ द्यायची तयारी दाखवली, आणि २७ मे २००३ ला वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली. मूळ लेखक नसतानाही काम बुडालं नाही, ते या परवान्यामुळे. उलट पुढच्याच वर्षी मूव्हेबल टाइप या तेव्हाच्या नावाजलेल्या सॉफ्टवेअरनं आपल्या अटी बदलल्या, फुकट आवृत्तीत लेखक आणि ब्लॉग यांच्या संख्येवर बंधन घातलं. कितीतरी लोक तेव्हा वर्डप्रेसकडे वळले.

ह्यूगो, जेकिल यांसारखी साधनं साध्या फायलींपासून पानं तयार करतात. त्यांत डेटाबेस नाही, त्यामुळे बिघडायलाही फारसं काही नाही. तुला कमांड लाइनची सवय असती तर मी तेच घे म्हटलं असतं. पण तू गडावरून उतरल्यावर एसटीत बसून मोबाइलवर लिहिणार, त्याला वर्डप्रेस सोयीचं. वर्डप्रेस डॉट कॉम ही तयार सेवा आहे. मी म्हणतोय ते वर्डप्रेस डॉट ओआरजीवरचं सॉफ्टवेअर, आपण भाड्यानं घेतलेल्या सर्व्हरवर बसवायचं. प्लगिन मात्र मोजकेच ठेव. अपडेट न केलेल्या प्लगिनमधूनच बहुतेक वेळा चोर शिरतो.

मराठीत लिहिणाऱ्यानं आणखी एक गोष्ट सांभाळायची. शीर्षक देवनागरीत दिलं की वर्डप्रेस लेखाचा पत्ताही त्यावरूनच बनवतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, अगदी काना-मात्राही, पत्त्यात टक्क्याच्या खुणांसकट नऊ जागा खातं. नुसतं ‘हरिश्चंद्रगड’ लिहिलंस तरी एकशे आठ जागा गेल्या, आणि डेटाबेसमध्ये या पत्त्याला जागा आहेत दोनशे. लांब शीर्षक असेल तर पत्ता मध्येच तुटतो, आणि व्हॉट्सॲपवर पाठवलास तर आकड्या-टक्क्यांची रांगच्या रांग दिसते. म्हणून शीर्षक खुशाल मराठीत ठेव, पत्ता मात्र दरवेळी रोमन अक्षरांत, छोटासा, स्वतः लिही.

आमच्या वेळी मराठी मजकूर शिवाजीसारख्या फॉन्टमध्ये टाइप व्हायचा. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर तोच लेख म्हणजे रोमन अक्षरांचा गिचमिड काला. तू युनिकोडमध्येच लिहितोस, ती काळजी मिटली. तरी प्रत्येक लेखाची साधी मजकूर-फाइल स्वतःकडे ठेवत जा.

फोटोंचं तर विशेष लक्षात ठेव. वर्डप्रेसच्या ‘निर्यात’मधून जी फाइल मिळते तिच्यात लेख असतात, फोटोंचे फक्त पत्ते असतात, फोटो नसतात. जुना सर्व्हर बंद पडला की ते पत्ते कुठेच नेत नाहीत. तुझ्या लेखांत टाक्या, दरवाजे, शिलालेख यांचे फोटोच निम्मं काम करणार, तेव्हा मूळ फोटो गडाच्या नावाच्या फोल्डरमध्ये, तारखेसह, घरच्या हार्ड डिस्कवर असलेच पाहिजेत.

डोमेन स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर घे, संकेतस्थळ बनवून देणाऱ्या मित्राच्या नावावर नको. ते हातात असलं तर सर्व्हर बदलला, सॉफ्टवेअर बदललं, तरी वाचक त्याच पत्त्यावर येतो. दोन-तीन लेख झाले की एकदा निर्यात करून, ती फाइल दुसऱ्या कोऱ्या वर्डप्रेसमध्ये भरून बघ. काय राहिलं, काय गळलं ते मला कळव. मग पुढचं ठरवू.

तुझा,
मामा