मान आणि वस्तरा

गेली बावीस वर्षे मी इंदूरमध्ये एकाच दुकानात केस कापून घेतो आणि दाढी करून घेतो. दुकानात तीन खुर्च्या, समोरासमोर आरसे आणि कोपऱ्यात तुरटीचा खडा. कारागीर चंपारणकडचा आहे. त्याची बोली भोजपुरी, माझी मराठी, आणि मध्ये पुलासारखी हिंदी. खुर्चीची पाठ त्याने मागे टेकवली की मी डोळे मिटतो. एरवी मी तसा संशयी माणूस आहे. कुलूप लावले की दोनदा ओढून पाहतो, दुकानदाराने दिलेले सुटे पैसे मोजून घेतो. या माणसासमोर मात्र मी निमूट गळा उघडा करतो. त्याचे आडनावही मला फार उशिरा कळले.

या विश्वासाला आधार काय? हा प्रश्न जगभरच्या कथाकारांना पडलेला दिसतो. कोलंबियाचा लेखक एर्नांदो तेयेस याची १९५० मध्ये प्रसिद्ध झालेली एक छोटी गोष्ट अनेक भाषांत पोहोचली आहे. एका गावात बंडखोरांना क्रूरपणे मारणारा कॅप्टन न्हाव्याच्या दुकानात येतो आणि दाढी करायला बसतो. न्हावी गुपचूप बंडखोरांना सामील आहे. साबणाच्या फेसाखाली कॅप्टनचा गळा आहे, हातात धार लावलेला वस्तरा आहे. मारावे की न मारावे? मारले तर काही जण त्याला वीर म्हणतील, काही जण भेकड खुनी. अखेर तो एक निर्मळ, गुळगुळीत दाढी करून देतो, रक्ताचा एकही थेंब न येऊ देता. जाताना दारात कॅप्टन सांगतो की, हा मला मारेल असे लोक म्हणत होते, ते खरे का हे पाहायला मी आलो होतो. पण मारणे सोपे नसते.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला न्हाव्याचा मोठेपणा जाणवला. आपला हात खुनासाठी नाही, आपले काम चोख करण्यासाठी आहे, हा त्याचा अभिमान मला पटला. पुढे मात्र एका जुन्या आठवणीने त्या अभिमानाकडे पुन्हा पाहायला लावले. ती आठवण सांगण्याआधी थोडे आडवळण घेतो.

कथांमध्ये न्हाव्याची प्रतिमा फारशी चांगली नाही. एका प्रसिद्ध संस्कृत सुभाषितात माणसांत न्हावी आणि पक्ष्यांत कावळा धूर्त ठरवला आहे. अकबर-बिरबलाच्या गोष्टींत बिरबलाला स्वर्गात पाठवण्याचा कट बादशहाच्या न्हाव्याच्याच तोंडून पुढे येतो. लंडनमध्ये १८४६-४७ साली स्वस्त साप्ताहिक कथांतून जन्मलेला स्वीनी टॉड गिऱ्हाइकांचे गळे चिरतो. १९७९ मध्ये तो संगीत नाटकात गेला आणि २००७ मध्ये पडद्यावर आला. गाढवाचे कान असलेल्या राजाची गोष्ट तर आपल्या अनेक भाषांत कुठल्या ना कुठल्या रूपात आहे. राजाचे गुपित फक्त न्हाव्याला माहीत असते आणि ते त्याच्या पोटात राहत नाही.

या साऱ्या गोष्टींमागे मला एकच भीती दिसते, आणि ती न्हाव्याची नाही, खुर्चीत बसणाऱ्याची आहे. ज्याच्यापुढे आपण मुकुट काढून ठेवतो, ज्याला आपले टक्कल, आपले पांढरे केस, आपल्या घरातल्या गोष्टी ठाऊक असतात, त्याला आपण गावाच्या उतरंडीत खाली ठेवले आहे. मग तो आपल्याविषयी काय विचार करत असेल? या प्रश्नाला तोंड देण्यापेक्षा त्याला धूर्त म्हणणे सोपे. आपल्या भाषेनेही तेच केले. हजामत होणे म्हणजे लुबाडले जाणे, आणि बिनपाण्याने हजामत म्हणजे तर फजितीची कमाल.

बोमार्शेने १७७५ मध्ये ‘सेव्हिलचा न्हावी’ रंगभूमीवर आणला तेव्हा त्याने या भीतीलाच हसते केले. त्याचा फिगारो मालकापेक्षा हुशार आहे आणि ते लपवत नाही. पुढच्या नाटकात तर तो उमरावाला मनातल्या मनात विचारतो की, जन्म घेण्यापलीकडे तुम्ही केले काय? सोळाव्या लुईने ते नाटक अडवून धरले होते. १७८४ मध्ये ते पॅरिसच्या रंगमंचावर आले. पाच वर्षांनी फ्रान्समध्ये क्रांती झाली. नाटकाने क्रांती केली असे मी म्हणणार नाही, पण तो प्रश्न एका न्हाव्याच्या तोंडी शोभला, यात काही अर्थ आहे.

आणखी एक गंमत पाहा. न्हावी आणि राजा यांची अदलाबदल कथांना फार आवडते. वारकरी परंपरेत सेना न्हावी पूजेत रमतात, राजाकडे जायला उशीर होतो, आणि विठ्ठलच त्यांचे रूप घेऊन, धोकटी काखेला मारून राजाची श्मश्रू करायला जातो. राजाला तेलाच्या वाटीत देव दिसतो. हेच सेना पंजाबात भगत सैण म्हणून ओळखले जातात. गुरू ग्रंथ साहिबात त्यांच्या नावे एक पद आहे. १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यातून महाराज निसटले तेव्हा त्यांच्या जागी पालखीत बसून मरण पत्करणारा शिवा काशीद परंपरेने न्हावी समाजातलाच. आणि १९४० मध्ये चार्ली चॅप्लिनने ज्यू न्हावी आणि हुकूमशहा या दोन्ही भूमिका स्वतःच केल्या. शेवटी न्हाव्याला हुकूमशहा समजून लोक व्यासपीठावर चढवतात, आणि तो तिथून हुकूम देण्याऐवजी माणुसकीची भाषा बोलतो.

तिन्ही गोष्टी आपल्याला आवडतात, कारण त्यांत न्हाव्याचे माणूसपण क्षणभर राजाच्या उंचीचे होते. पण अदलाबदल संपली की काय? सेनांची धोकटी पुन्हा सेनांकडेच येते. ज्याला राजाची जागा मिळत नाही, ज्याला रोज सकाळी त्याच ओसरीवर जायचे असते, त्याच्या नीतीचे काय?

इथे ती आठवण येते. आमचे घर कऱ्हाडच्या बाजूच्या एका खेड्यात. मी सहा-सात वर्षांचा असेन, म्हणजे १९५८-५९ चा सुमार. घरी बलुत्यावर येणाऱ्या न्हाव्याला आम्ही मुले तात्या म्हणायचो. सुगीत त्यांना धान्य मिळे, सणाला जेवण. ते ओसरीच्या कडेला पोत्यावर बसून आजोबांची दाढी करत, मग आम्हा मुलांची पाळी. आमचे झाले की ते मागच्या दाराला जात. तिथे आजोबांची बहीण, आमची आत्याआजी, लाल अलवण सावरून बसलेली असे. ती नवव्या वर्षी विधवा झाली होती. दर पंधरवड्याला तात्या तिचे डोके भादरत. आम्हाला तिकडे फिरकायची मनाई होती. मी एकदा चोरून पाहिले. तिचे डोळे घट्ट मिटलेले होते.

तात्या गावात सगळ्यांकडे जात, एक वस्ती सोडून. त्या वस्तीतली माणसे चिंचेखाली एकमेकांचे केस कापत. अस्पृश्यतेच्या कारणावरून सेवा नाकारणे १९५५ च्या कायद्याने गुन्हा ठरवले होते; आमच्या चिंचेला ते कळले नव्हते. माझ्याच वर्गातल्या एका मुलाच्या डोक्यावर वेड्यावाकड्या पायऱ्या असत आणि आम्ही हसत असू.

तेव्हा एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. या आठवणीच्या जवळजवळ सत्तर वर्षे आधी, १८९० मध्ये, मुंबईत न्हाव्यांनी एकत्र येऊन विधवांचे केशवपन करणार नाही असे ठरवले होते. गिरणी कामगारांचे नेते आणि ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यामागे पुढाकार होता. त्याच वर्षी हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः छापली जाऊ लागली, जिच्यात यमूच्या केशवपनाने वाचकांची मने हादरली. सुशिक्षित समाज हळहळत होता, सभा घेत होता, शास्त्रार्थ करत होता. न्हाव्यांनी शास्त्रार्थ केला नाही, हात मागे घेतला.

या घटनेने मला फार दिवस गुंतवले, कारण ती सरळ दिसते तितकी सरळ नाही. न्हाव्याने विधवेला नाही म्हटले, ते आपण थोर म्हणतो. न्हाव्याने दलिताला नाही म्हटले, तो अन्याय. दोन्ही ठिकाणी कारागीर म्हणतो, ‘या डोक्याला मी हात लावणार नाही.’ मग फरक कुठे आहे? नकार देण्याचा हक्क एका ठिकाणी द्यायचा आणि दुसऱ्या ठिकाणी काढून घ्यायचा, हे आपल्या सोयीचे तर नव्हे?

मला फरक असा दिसतो. नकार कुणाला ऐकवला जातो हे पाहावे. केशवपन नाकारणाऱ्याचा नकार खाली मान घालून बसलेल्या बाईला नव्हता, तिला तिथे बसवणाऱ्या कर्त्या पुरुषाला होता. समोरच्या माणसाच्या बाजूने तो वरच्याला नाही म्हणत होता. चिंचेखालच्या माणसांना मिळालेला नकार उलटा होता: वरच्याला हो म्हणण्यासाठी समोरच्या माणसाला दिलेला. आमच्या तात्यांचे मागच्या दाराला जाणे आणि वस्तीत न जाणे या म्हणूनच दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. एकीकडे त्यांचा हात चाले, एकीकडे थांबे. हुकूम एकाच ओसरीवरून सुटे.

पण म्हणून तात्यांना दोष द्यायचा का? मुंबईतल्या न्हाव्याला रोख पैसा देणारी शेकडो गिऱ्हाइके होती. एक दार बंद झाले तर दुसरे होते, आणि सोबतीला संघटना होती. बलुत्यावर जगणाऱ्याचे वर्षाचे धान्य मोजक्या घरांच्या हाती. सदसद्विवेकालाही पाय टेकायला जमीन लागते. तरी एवढ्यावर थांबले तर आपण म्हणतो की गरिबाला नीती परवडत नाही, आणि हा त्याचा वेगळाच अपमान आहे.

१९८४ मध्ये आजोबा जाऊन बरीच वर्षे झाली होती. मी गावी गेलो होतो. तात्या थकले होते, हात थरथरत होते. मी धीर करून दोन्ही गोष्टी विचारल्या. आत्याआजीबद्दल ते म्हणाले, “आत्याबाईंच्या डोक्याला येवढ्या वर्सांत वस्तरा कंदी लागू दिला न्हाई मी. रगताचा थेंब न्हाई.” वस्तीबद्दल विचारल्यावर थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “दादा, मी तिकडं गेलो असतो, तर दुसऱ्या दिवशी तुमच्या अण्णांनी मला ओसरीवर बसू दिलं असतं का?”

तेयेसची गोष्ट मी या भेटीनंतर पुन्हा वाचली आणि तो ‘एकही थेंब नाही’ माझ्या घशात अडकला. हाताची सफाई हा माणसाचा मोठा आधार असतो. जे करावे लागते ते निदान इजा न करता करू, हे तात्यांचे समाधान खोटे नव्हते. त्या हळुवारपणात आत्याआजीबद्दलची माया होती. पण चांगले काम करण्याच्या अभिमानाआड, हे काम करावेच का, हा प्रश्न झाकला जाऊ शकतो. आणि ते फक्त न्हाव्याचे नाही. मी तीस वर्षे सरकारी कचेरीत नोकरी केली. माझ्या टिपणीत कधी काना-मात्रेची चूक नसे. त्या टिपणींनी कुणाकुणाची घरे पाडली, हे मी कधी मोजले नाही.

तात्यांचा दुसरा प्रश्न मात्र त्यांच्यापाशी थांबत नाही. तो ओसरीच्या मालकाला आहे, म्हणजे आजोबांना, आणि त्या पोत्यावर बसून केस कापून घेणाऱ्या मलाही. हाताने नकार द्यावा अशी अपेक्षा करणाऱ्याने आधी, नकार देऊनही त्या हाताचे पोट चालेल अशी सोय करायला हवी. आमच्या घराने ती केली नाही. उलट हाताला कामाला लावून त्या कामाचा विटाळ त्याच्याच नावावर लिहिला.

२००९ मध्ये ‘बिल्लू’ हा चित्रपट आला. मूळ गोष्ट मल्याळम, ‘कथा परयुंपोळ’ या २००७ च्या चित्रपटाची. गरीब न्हाव्याचा बालपणीचा मित्र मोठा नट होतो, आणि हा स्वाभिमानापायी ओळख सांगायला जात नाही. नाव आधी ‘बिल्लू बार्बर’ होते. केशकर्तन व्यावसायिकांच्या संघटनेने आक्षेप घेतला आणि ‘बार्बर’ हा शब्द काढण्यात आला. तेव्हा पुष्कळ लोक हसले की कामाच्या नावाची कसली लाज? मला हसता आले नाही. शब्दाला शिवी आपणच बनवले आणि तो अंगावरून झटकणाऱ्याला हळवे ठरवले.

मराठीत ‘मान’ म्हणजे गळ्यामागचा भाग आणि ‘मान’ म्हणजे आदरही. पहिली मान आपण न्हाव्याच्या हाती पिढ्यानपिढ्या निर्धास्त दिली, दुसरा मान देताना हात आखडला. आत्याआजी १९७१ मध्ये गेली. तिचा एकही फोटो घरात नाही, कारण तसल्या डोक्याचा फोटो कुणी काढू दिला नसता. तिच्या डोक्याचा आकार नेमका ठाऊक असलेला एकच माणूस होता, आणि तोही आता नाही.

परवा इंदूरच्या दुकानात दाढी झाल्यावर कारागिराने तुरटी फिरवली आणि नेहमीप्रमाणे विचारले, “ठीक है, बाबूजी?” मी त्याला विचारले की, असे कुणी गिऱ्हाईक आहे का, ज्याला तू नाही म्हणतोस? तो हसला. म्हणाला, मालक नाही म्हणायला सांगतील त्याला. मग त्याने कापड झटकले आणि पुढच्या माणसाला खुर्ची दाखवली.