गळाचा खेळ आणि हिंसेचा प्रश्न

लांब पल्ल्याची हौशी मासेमारी हा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर चांगला रुजलेला खेळ आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो शहराच्या पॉइंट लोमा धक्क्यांवरून त्यासाठी मोठ्या बोटी निघतात आणि मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पाच्या कडेने दक्षिणेला उतरतात. सफर आठ दिवसांची असते, सोळा दिवसांचीही असते. बोटीवरचे प्रवासी मासळीवर पोट भरणारे नसतात. ती पैसे भरून आलेली हौशी माणसे असतात आणि धरलेला मासा विकण्याची त्यांना मुभा नसते. खोल समुद्रातून एखादा डोंगर पाण्याच्या पृष्ठभागाजवळ येतो तिथे बारीक मासळी जमते आणि तिच्या मागावर मोठे मासे येतात. अलिहोस खडक हे असेच एक ठिकाण. अशा जागी शोध असतो तो मुख्यतः यलोफिन ट्यूनाचा, म्हणजे कोकणात ज्याला कुपा म्हणतात त्याच कुळातल्या माशाचा. दोनशे पौंडांवरचा, म्हणजे सुमारे ९० किलोंहून जड ट्यूना मिळाला की सफर सार्थकी लागली असे मानतात. १९७७ साली रेव्हियाहिहेदो द्वीपसमूहातल्या सान बेनेदिक्तो बेटाजवळ धरलेला ३८८ पौंड १२ औंसांचा, म्हणजे सुमारे १७६ किलोंचा ट्यूना या जातीचा जागतिक विक्रम म्हणून तीन दशकांहून अधिक काळ टिकला.

या खेळातून एक जुना नैतिक प्रश्न अगदी स्वच्छ रूपात समोर येतो. पोट भरण्यासाठी किंवा स्वतःच्या बचावासाठी प्राणी मारण्याबद्दल बहुतेक परंपरांनी काही ना काही सवलत दिली आहे. इथे तशी गरज नसते. माणूस शेकडो मैल जातो ते झुंजीच्या आनंदासाठी. तेव्हा प्रश्न असा की, केवळ खेळ म्हणून एखाद्या जिवाला जीव खाऊन झुंजायला लावणे आणि शेवटी मारणे कशाच्या बळावर योग्य ठरते?

उत्तर शोधण्याआधी ती झुंज नेमकी काय असते हे पाहायला हवे. बोटीवरच्या टाक्यांत जिवंत तारली ठेवलेली असते. एक तारली गळाला टोचून पाण्यात सोडतात. ट्यूनाने ती गिळली आणि गळ जबड्यात रुतला की मासा सरळ खोल पळतो आणि रिळावरची दोरी शेकडो फूट ओढून नेतो. ट्यूनाला कल्ल्यांवर पाणी खेळते ठेवण्यासाठी जन्मभर पोहत राहावे लागते, आणि रक्तवाहिन्यांच्या खास रचनेमुळे त्याचे स्नायू भोवतालच्या पाण्यापेक्षा गरम राहतात. ही विलक्षण ताकद हेच त्याचे आकर्षण असते. गरवणारा बोटीच्या कठड्याला धरून, इतरांच्या दोऱ्यांच्या खालून-वरून वाट काढत माशामागे फिरतो. मोठ्या माशाशी झुंज तासभर, कधी त्याहून जास्त चालते. शेवटी थकलेला मासा बोटीखाली गोल गोल फिरू लागतो आणि प्रत्येक फेरीला थोडा वर येतो. आवाक्यात येताच खलाशी लांब दांड्याचे आकडे त्याच्या डोक्यात रुतवून त्याला डेकवर ओढतात. रक्त काढून टाकतात, ओळखीसाठी प्रवाशाच्या क्रमांकाची चकती लावतात आणि मासा थंड समुद्रपाण्याच्या टाकीत उतरवतात.

झुंजीला खेळाचे रूप देणारे नियम कॅलिफोर्नियाच्याच किनाऱ्यावर आकाराला आले. १८९८ साली चार्ल्स फ्रेडरिक होल्डर यांनी कॅटालिना बेटाजवळ १८३ पौंडांचा ब्लूफिन ट्यूना काठी आणि रिळाने धरला आणि त्याच वर्षी ॲव्हलॉन इथे ट्यूना क्लब स्थापन केला. त्या काळी जाड हातदोरीने मासे भराभर ओढून काढत आणि त्यातले पुष्कळसे वायाही जात. होल्डर यांचा आग्रह होता की साधने हलकी असावीत, माशाला निसटण्याची संधी असावी. १९३९ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशनने हाच विचार जगभर नेला. विक्रमासाठी दोरीच्या ताकदीनुसार गट पडले, आणि झुंज चालू असताना काठीला किंवा रिळाला दुसऱ्या कुणी हात लावला तर तो मासा विक्रमास अपात्र ठरू लागला.

या नियमांमागे खरी सद्भावना आहे आणि त्यांनी हावरटपणाला आळा घातला हेही खरे. तरी नैतिक प्रश्न त्यांनी सुटत नाही. तत्त्वज्ञ बर्नार्ड सूट्स यांनी १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द ग्रासहॉपर’ या ग्रंथात खेळाची व्याख्या केली आहे. तिचा आशय असा, की टाळता येण्यासारखे अडथळे आपणहून पत्करून ते पार करण्याचा प्रयत्न म्हणजे खेळ. गरवणाऱ्याला ही व्याख्या तंतोतंत लागू पडते. जाळ्याने सहज मिळणारा मासा तो बारीक दोरीने मिळवू पाहतो. ट्यूनाला मात्र यातले काहीच लागू होत नाही. तो कोणताही अडथळा आपणहून पत्करत नाही, त्याला नियम ठाऊक नाहीत आणि माघार घेण्याची सोय नाही. बायन या ग्रीक विचारवंताचे म्हणून प्लुटार्कने एक निरीक्षण नोंदवले आहे. मुले बेडकांना दगड मारतात ती गंमत म्हणून, पण बेडूक मरतात ते खरोखर, असा त्याचा भावार्थ आहे. म्हणजे ज्याला समान संधी म्हटले जाते ती मुळात दोन गरवणाऱ्यांमधली आहे. कोणाचा मासा कोणाच्या माशाशी तोलायचा हे त्या नियमांनी ठरते. मासा त्या करारात पक्षकार नसतो.

इथेच या खेळातली सर्वांत अवघड गोष्ट दिसते. साधन जितके हलके तितका खेळ उदात्त, असे खेळाडूंची नीती सांगते. पण दोरी बारीक असली की जोर कमी लावावा लागतो, झुंज लांबते आणि मासा पुरता दमेपर्यंत गळाला अडकून राहतो. मध्येच दोरी तुटली तर गळ आणि दोरीचा तुकडा घेऊनच त्याला पुढे जगावे लागते. जाड दोरी आणि ताकदवान रीळ वापरले तर मासा लवकर वर येतो, लवकर मरतो, पण विक्रमाचा मान कमी होतो. खेळाची न्यायबुद्धी आणि जिवाविषयीची करुणा इथे परस्परांच्या विरुद्ध दिशेने ओढतात. त्यातली कोणती मोठी मानायची, हे ठरवणे टाळता येत नाही.

माशाला वेदनाच होत नसेल तर हा सारा विचार हलका पडेल. म्हणून विज्ञान काय सांगते तेही पाहणे आवश्यक आहे. लिन स्नेडन, व्हिक्टोरिया ब्रेथवेट आणि मायकेल जेंटल यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत रेनबो ट्राउट माशांच्या चेहऱ्यावर इजेची जाणीव टिपणाऱ्या मज्जातंतूंची टोके आढळली. ओठांत ॲसेटिक ॲसिड टोचल्यावर ते मासे ओठ खड्यांवर घासत, अंग डोलवत आणि नेहमीपेक्षा बराच वेळ अन्न घेत नसत. मॉर्फिन दिल्यावर ही लक्षणे कमी होत. उलट बाजूने जेम्स रोझ आणि ब्रायन की यांनी म्हटले की वेदनेच्या जाणिवेसाठी लागणारा मेंदूचा बाह्यपटल माशांत नसतो, त्यामुळे ही केवळ प्रतिक्षिप्त क्रिया असावी. वाद मिटलेला नाही. पण अशा अनिश्चिततेत कोणत्या बाजूची चूक जास्त महागात पडेल, हा प्रश्न विज्ञानाचा नसून नीतीचा आहे. वेदना नसताना दया दाखवली तर माणसाचा एक छंद उणा होतो. वेदना असताना ती नाकारली तर हजारो जीव करमणुकीपायी यातना भोगतात. हे दोन तोटे सारख्या वजनाचे नाहीत.

भारतीय परंपरेत मृगयेचा विचार पुष्कळ झाला आहे. मनुस्मृतीने मृगयेची गणना राजाच्या कामज, म्हणजे सुखाच्या लालसेतून उपजणाऱ्या व्यसनांत केली आणि त्यांतल्याही सर्वांत घातक चारांत तिला बसवले. कौटिल्याची भूमिका वेगळी आहे. अर्थशास्त्रात तो मृगयेचे गुणही मांडतो. तिच्यात व्यायाम घडतो, चरबी उतरते, हलत्या लक्ष्याचा नेम साधतो, प्राण्यांची मनःस्थिती ओळखता येते. आजचा गरवणारा समुद्रावरची मोकळी हवा, संयम, कौशल्य आणि निसर्गाची जवळून होणारी ओळख ही जी कारणे देतो, ती थेट कौटिल्याच्या यादीत शोभतील. पण ते सर्व लाभ शिकाऱ्याचे आहेत. शिकार ज्याची होते त्याच्या बाजूने तिथे काहीच मांडलेले नाही.

ती बाजू योग, जैन आणि बौद्ध परंपरांनी मांडली. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात मर्यादित अहिंसेचे उदाहरण म्हणून नेमका मासे मारणाराच घेतला आहे. तो फक्त माशांचीच हिंसा करतो, इतर कोणाची नाही. म्हणजे त्याच्यापाशीही अहिंसा आहे, पण ती जातीच्या कुंपणात अडकलेली आहे, आणि महाव्रत होण्यासाठी तिला ते कुंपण ओलांडावे लागते. कुत्र्या-मांजरांवर जीव टाकणारा माणूस गळाला लागलेल्या ट्यूनाकडे निर्विकारपणे पाहू शकतो, त्याचे कारण हेच कुंपण आहे. त्याच शास्त्राने हिंसेचे केलेली, करवलेली आणि अनुमोदिलेली असेही भेद केले. काठी धरणारा, आकडा मारणारा खलाशी, बोट नेणारा कप्तान आणि छायाचित्र पाहून वाहवा करणारा, यांपैकी कोणीही त्यामुळे हिशेबाबाहेर राहत नाही.

जैन विचारात मासा हा पंचेंद्रिय जीव आहे, आणि गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार केले जातात. घरकामात घडणारी आरंभी, उपजीविकेत घडणारी उद्योगी, बचावात घडणारी विरोधी आणि ठरवून केलेली संकल्पी. पहिल्या तीन गृहस्थाला पूर्णपणे टाळता येत नाहीत. संकल्पी हिंसा त्यालाही वर्ज्य आहे, आणि शिकार हे तिचे ठळक उदाहरण. पाली अट्ठकथांनी, म्हणजे बौद्ध ग्रंथांवरच्या भाष्यांनी, प्राणघाताची पाच अंगे सांगितली. समोर प्राणी असणे, तो प्राणी आहे हे माहीत असणे, मारण्याचा हेतू, त्यासाठी केलेला प्रयत्न आणि त्यातून घडलेला मृत्यू. तिथेच असेही म्हटले आहे की प्राण्यांमध्ये मोठ्या देहाच्या जिवाला मारण्याचा दोष जास्त, कारण त्यासाठी प्रयत्न जास्त लागतो. लांब पल्ल्याच्या सफरीत देहाचा आकार आणि प्रयत्नाची तीव्रता यांचाच गौरव होतो. ज्या मापाने खेळाडूचा मान वाढतो, त्याच मापाने या दृष्टीने दोष वाढतो.

यावर दोन समर्थने पुढे येतात. पहिले असे की मासा खाल्ला जातो. हे खोटे नाही. सॅन डिएगोच्या बोटींवरचा ट्यूना बहुधा जपून घरी नेला जातो आणि वाटून खाल्ला जातो. यामुळे मृत्यू वाया जात नाही, ही मोलाची गोष्ट आहे. तरीही खाणे हे इथे हेतू नसून फलित आहे. अन्नासाठी सोळा दिवसांची सफर कोणी करत नाही. दुसरे समर्थन सोडून देण्याचे आहे. मार्लिनसारखे मासे दमवून, गळ काढून परत सोडण्याचा प्रघात आता अनेक ठिकाणी आहे. त्याने जातीचे रक्षण होते, बहुतेक मासे वाचतात, काही नंतर मरतात. अट्ठकथेच्या भाषेत यात पाचवे अंग टळते. पण त्यामुळे झुंजीचा एकच हेतू उरतो आणि तो म्हणजे माणसाची मौज. जर्मनीच्या प्राणिरक्षण कायद्याला सबळ कारणाशिवाय प्राण्याला वेदना देणे मान्य नाही. खाण्यासाठी मासा धरणे तिथे सबळ कारण ठरते, सोडून देण्याच्याच इराद्याने धरणे ठरत नाही. स्वित्झर्लंडनेही अशा मासेमारीला मनाई केली आहे. संवर्धनाचा विचार जातीकडे पाहतो आणि अहिंसेचा विचार एकेका जिवाकडे. एकाचे समाधान झाले म्हणून दुसऱ्याचे आपोआप होत नाही.

मर्यादेचे मोल मात्र दोन्ही विचारांना मान्य आहे. मेक्सिकोच्या नियमांनुसार हौशी माणसाला दिवसाला दहा मासे आणि त्यांत एका जातीचे पाचच धरता येतात. नोव्हेंबर २०१७ मध्ये रेव्हियाहिहेदो राष्ट्रीय उद्यान घोषित झाले आणि सुमारे १,४८,००० चौरस किलोमीटर समुद्र मासेमारीला पूर्ण बंद झाला. हौशी बोटींनी एक प्रिय क्षेत्र गमावले आणि माशांना निर्भय पाण्याचा मोठा पट्टा मिळाला.

या सर्व विचारांचा निष्कर्ष स्पष्ट आहे. खेळासाठी केलेली हिंसा ही संकल्पी हिंसाच आहे. नियमांचा काटेकोरपणा, खेळाडूचे धैर्य, मांसाचा सदुपयोग किंवा सुटका यांनी तिची तीव्रता घटते, तिचे स्वरूप बदलत नाही. जो हा खेळ सोडू शकतो त्याने तो सोडणे हे श्रेयस्कर. जो सोडत नाही त्याचीही काही कर्तव्ये उरतात. झुंज लांबवून मान मिळवण्यापेक्षा जड साधनाने ती आखूड करावी, मासा वर येताच त्याला विनाविलंब मारावे, खाता येईल तेवढेच धरावे, आणि तेवढे मिळाले की पाण्यात मासे असतानाही गळ गुंडाळून ठेवावा. यातले शेवटचे कर्तव्य सर्वांत कठीण आहे, कारण तिथे माणसाची झुंज माशाशी नसून स्वतःच्या हौसेशी असते, आणि त्या झुंजीत दोन्ही बाजू राजीखुशीने उतरलेल्या असतात.