अनुभव तुझा, निवाडा आमचा

गॅरी लिनेकर हा इंग्लंडचा जुना फुटबॉल खेळाडू. खेळला, गोल केले, निवृत्त झाला, आणि मग बीबीसीवर शनिवारी रात्री ‘मॅच ऑफ द डे’ हा कार्यक्रम सांगायला बसला. वर्षानुवर्षं बसला. बीबीसीच्या पडद्यावर सगळ्यात जास्त पैसा त्यालाच. ७ मार्च २०२३ ला त्यानं आपल्या ट्विटरवर चार ओळी लिहिल्या. ब्रिटनमधलं तेव्हाचं हुजूर पक्षाचं सरकार एक कायदा आणत होतं. लहान बोटींतून समुद्र ओलांडून येणाऱ्यांना धरायचं, कोंडायचं, आसरा मागायची सोयच ठेवायची नाही आणि देशाबाहेर, जमलं तर थेट आफ्रिकेतल्या रवांडात, नेऊन टाकायचं. लिनेकर म्हणाला, हे अतोनात क्रूर आहे आणि यासाठी जी भाषा चालली आहे ती १९३० नंतरच्या जर्मनीतल्या भाषेपेक्षा फार वेगळी नाही.

झालं. मंत्री चवताळले. बीबीसीनं १० मार्चला त्याला कार्यक्रमातून बाजूला बसवलं. कारण काय, तर निःपक्षपात. त्याचे सोबती इयान राइट आणि अ‍ॅलन शिअरर म्हणाले, तो नाही तर आम्हीही नाही. समालोचकही हटले. ११ मार्चच्या रात्री तो कार्यक्रम निवेदकाविना, समालोचनाविना, मुका, जेमतेम वीस मिनिटं दाखवला गेला. १३ मार्चला बीबीसीनं माघार घेतली. लिनेकर परत आला.

आता कोणी म्हणेल, गोऱ्यांच्या देशातला फुटबॉलवाला, त्याचं आपल्याला काय? दोस्तहो, आपल्याला त्याचं बरंच काही आहे. आपल्या अभ्यासवर्गात यावर दोन तास वाद झाला. अर्धे म्हणाले, माणसाला बोलू द्या, निःपक्षपात हे प्रस्थापितांचं ढोंग आहे. उरलेले म्हणाले, नियम तो नियम, सगळ्यांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेत बसून राजकारण नको. मला दोन्ही उत्तरं फार स्वस्त वाटली. म्हणून हे लिहितो आहे.

पहिल्यांदा निःपक्षपाताच्या बाजूनं बोलतो. आपल्यातल्या कित्येकांना हा शब्द ऐकला की हसू येतं. हसू नका. १९२० साली ‘मूकनायक’ निघाला तेव्हा त्याची जाहिरात, पैसे देऊनसुद्धा, ‘केसरी’नं छापली नाही. खाजगी पत्र होतं, त्याचा मालक त्याला मुखत्यार. पण जी संस्था सगळ्यांच्या पैशावर उभी आहे तिला असं म्हणायची सोय नाही. ब्रिटनमध्ये २०२३ साली घरटी १५९ पौंड परवाना फी होती. गोऱ्यानं भरायची, काळ्यानं भरायची, हुजूर पक्षवाल्यानं भरायची, मजूर पक्षवाल्यानंही भरायची. ज्याचा पैसा घेतला त्याचं ऐकून घेणं हे कर्ज आहे. निःपक्षपात म्हणजे ते कर्ज फेडणं. ज्यांच्याकडे छापखाना नाही, वाहिनी नाही, त्यांना या कर्जाची वसुली इतरांहून जास्त गरजेची आहे. श्रीमंताला निःपक्षपाती नभोवाणी नसली तरी चालतं. तो स्वतःची विकत घेतो.

पण हा शब्द कसा वाकवला जातो तेही बघा. मे १९२६ मध्ये ब्रिटनमध्ये सार्वत्रिक संप झाला. बीबीसी तेव्हा लहान होती, कंपनी होती, रीथ तिचा प्रमुख. पंतप्रधान बाल्डविन रेडिओवरून देशाशी बोलले. मजूर पक्षाचे नेते मॅकडोनाल्ड यांना मात्र बोलू दिलं नाही. तडजोडीचं आवाहन करणाऱ्या आर्चबिशपलासुद्धा आधी थांबवून ठेवलं. मालकांचा आवाज हा देशाचा आवाज, मजुरांचा आवाज म्हणजे पक्षाचा आवाज. निःपक्षपाताच्या पाळण्यातच हा वाकडेपणा आहे.

आपण दोन शब्दांची गल्लत करतो. निःपक्षपाती आणि तटस्थ. तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला. पाण्यात कोण बुडतो, कोण बुडवतो, हा काठावरून बघतो. पण काठावर उभं राहायला आधी काठावर जाता आलं पाहिजे. ज्यांना २० मार्च १९२७ पर्यंत चवदार तळ्याच्या काठावर जायची बंदी होती त्यांनी तटस्थ व्हायचं कुठून? तटस्थपणा ही पोटभरल्यांची चैन आहे. निःपक्षपात वेगळा. न्यायाधीश निःपक्षपाती असावा लागतो, पण म्हणून तो निकाल देत नाही असं होत नाही. दोन्हीकडचं ऐकायचं, पुरावा बघायचा, आपला-परका बघायचा नाही, आणि मग जे दिसलं ते बोलायचं. तटस्थाला बोलायचंच नसतं. बीबीसीनं लिनेकरकडे निःपक्षपात मागितला असं ती म्हणाली. मागितला तो तटस्थपणा.

लिनेकरपेक्षा मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी एक गोष्ट. नागा मंचेट्टी ही बीबीसीच्या सकाळच्या कार्यक्रमाची निवेदिका. आईबाप भारतातून आणि मॉरिशसमधून ब्रिटनमध्ये गेलेले. जुलै २०१९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी चार बिगरगोऱ्या महिला प्रतिनिधींना ‘जिथून आलात तिथे परत जा’ अशा अर्थाचं सुनावलं. कार्यक्रमात सोबतच्या निवेदकानं तिला विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, मलाही असं परत जा म्हटलं गेलं आहे आणि ते वंशद्वेषातून असतं. आणखी दोन शब्द रागाचे बोलली. तक्रार झाली. सप्टेंबर २०१९ मध्ये बीबीसीच्या तक्रार विभागानं निवाडा दिला. त्याचा मथितार्थ असा की, तिनं स्वतःचा अनुभव सांगणं योग्य, पण ट्रम्प यांच्या हेतूबद्दल मत देणं अयोग्य. फार ओरड झाल्यावर महासंचालक टोनी हॉल यांनी तो निवाडा फिरवला.

तो फिरवला हे चांगलं झालं. पण तो मुळात दिला गेला होता हे विसरायचं नाही. ओळखीचं वाटतं की नाही हे? तू भोगलंस ते सांग. रडून सांग, रंगवून सांग, आम्ही टाळ्या देऊ, डोळे पुसू. पण कोणी केलं, का केलं, त्याला काय म्हणायचं, हे तू ठरवू नकोस. ते आम्ही ठरवू. आपल्या लिहिणाऱ्या पोरांना हेच ऐकवलं जातं. तुमचे अनुभव किती दाहक हो! आणि त्याच पोरानं विचार मांडला की, हा एकांगी आहे, कडवट आहे, समतोल नाही. अनुभव तुझा, निवाडा आमचा. जखम तुझी, पण जखमेला जखम म्हणायचा शिक्का आमच्या कपाटात.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि सगळा लेख त्यासाठीच आहे: ज्याला मार बसला तो माराबद्दल पक्षपाती आहे आणि ज्याला कधी बसला नाही तो निःपक्षपाती आहे, ही समजूतच पक्षपाताचं मूळ आहे. न बसलेल्यालाही एक जागा असते, घर असतं, फायदा असतो. तो फक्त दिसत नाही, कारण मोजपट्टी त्याच्या हातात असते.

मोजपट्टी कशी चालते ते बघा. नोव्हेंबर २०२२ मध्ये कतारमध्ये विश्वचषक सुरू झाला. त्याच लिनेकरनं, बीबीसीच्याच पडद्यावर, कार्यक्रमाच्या सुरुवातीला कतारमधल्या परदेशी मजुरांच्या हालांबद्दल सांगितलं. चाललं. परक्या सरकारबद्दल पडद्यावर बोललेलं चालतं, घरच्या सरकारबद्दल खाजगी खात्यावर लिहिलेलं चालत नाही. २०१८ मध्ये बीबीसीवरच कार्यक्रम करणारे उद्योगपती अ‍ॅलन शुगर यांनी मजूर पक्षाचे नेते कॉर्बिन यांना हिटलरशेजारी बसवलेलं बनावट चित्र ट्विटरवर टाकलं. ओरड झाल्यावर काढलं. कार्यक्रम गेला नाही. आणि लिनेकरला उठवलं तेव्हा बीबीसीच्या अध्यक्षाच्या खुर्चीत कोण होतं? रिचर्ड शार्प. हुजूर पक्षाला चार लाख पौंडांहून जास्त देणगी दिलेला माणूस. पंतप्रधान जॉन्सन यांच्या आठ लाख पौंडांपर्यंतच्या कर्जाच्या प्रकरणात त्यानं गाठ घालून दिली होती आणि नेमणुकीच्या वेळी ते नीट उघड केलं नव्हतं. चौकशी झाली आणि २८ एप्रिल २०२३ ला त्याला राजीनामा जाहीर करावा लागला. नियम खालून वर चढताना धापा टाकतो. वरून खाली मात्र धोंड्यासारखा येतो.

इथपर्यंत तुम्ही माना डोलवाल. आता जरा अवघड बोलू.

उद्या सरकारी वाहिनीवर क्रिकेट सांगणारा एखादा निवेदक आपल्या फोनवर लिहील, आरक्षण बंद करा. आपण काय करणार? मला ठाऊक आहे काय करणार. निवेदन, मोर्चा, हकालपट्टीची मागणी. मग लिनेकरला एक न्याय आणि याला दुसरा, असं कसं? ज्या दिवशी आपण म्हणू की आपल्या बाजूनं बोलला तर स्वातंत्र्य आणि विरुद्ध बोलला तर शिस्तभंग, त्या दिवशी आपल्यात आणि शार्पच्या खुर्चीत फरक काय उरला?

मी माझ्यापुरतं असं ठरवलं आहे. क्रिकेट सांगणारा धोरणावर मत देतो, तर त्याला उत्तर द्यायचं. आकडे काढायचे, तोंडावर मारायचे. भाकरी हिसकायची नाही. पण तो म्हणाला की ही माणसं जातीनंच मठ्ठ, घाणेरडी, तर ते धोरणावरचं मत नाही. ज्यांच्या पैशावर तो बसला आहे त्यांचं माणूसपणच तो नाकारतो आहे. तिथे मात्र खुर्ची सोडायला सांगायचं. आणि जो बातमी देतो, कोणाचा मोर्चा दाखवायचा आणि कोणाचा नाही हे ज्याच्या हातात आहे, त्यानं पक्षाची तळी फोनवरही उचलू नये. आपला पोरगा त्या खुर्चीत बसला तर त्यानंसुद्धा नाही. त्यानं आरक्षणाच्या विरोधकालाही मायक्रोफोन द्यायचा आणि त्याचं म्हणणं न कापता ऐकवायचं. जड जाईल. पण हे जड गेल्याशिवाय निःपक्षपात मागायचा आपल्याला हक्क नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये बीबीसीनं नवे नियम काढले, ते काहीसे याच वाटेनं जातात. मोठ्या कार्यक्रमांच्या निवेदकांनी पक्षाचा प्रचार करू नये, पक्षावर हल्ला करू नये, राजकारण्याच्या चारित्र्यावर घसरू नये. प्रश्नांवर आणि धोरणांवर मात्र सभ्यपणे बोलावं. कागद बरा आहे. तो कोणाकोणाला लागतो ते बघत राहायचं.

मग वंशद्वेष किंवा जात या प्रश्नावर दोन्ही बाजू समान अंतरावर ठेवायच्या का? नाही. बीबीसीचे १९६० च्या दशकातले महासंचालक ह्यू कार्लटन ग्रीन यांनीच म्हटलं होतं की वंशद्वेषाबाबत संस्था निःपक्षपाती असूच शकत नाही. आपल्याकडे राज्यघटनेच्या १७ व्या कलमानं अस्पृश्यता संपवली आहे. ती पाळावी की पाळू नये यावर सरकारी वाहिनीला चर्चासत्र भरवता येत नाही. माणसं समान आहेत ही वादातली एक बाजू नव्हे. वाद ज्या जमिनीवर उभा राहतो ती जमीन आहे.

आणखी एक कडू घोट. मे २०२५ मध्ये याच लिनेकरनं झायोनिझमवरची एक चित्रफीत आपल्या खात्यावर पुढे पाठवली. तिच्यावर उंदराचं चित्र होतं. ज्यूंना उंदीर म्हणून रंगवणं हा नाझींचा जुना खेळ. लिनेकरनं ती काढली, आपल्याला ते चित्र दिसलंच नव्हतं म्हणाला, माफी मागितली आणि बीबीसी सोडली. जो तीसच्या दशकातल्या भाषेबद्दल इशारा देत होता त्याच्याच हातून त्या भाषेचं चित्र गेलं. यावरून काय शिकायचं? दुबळ्यांच्या बाजूनं बोलणाऱ्याला तपासणीतून सूट नाही. एका पीडिताची बाजू घेताना दुसऱ्या पीडिताच्या जखमेवर पाय पडू शकतो. म्हणून खाली बघून चालायचं. पण चालायचंच नाही, असं नव्हे.

शेवटी भाकरीचं. लिनेकर बोलू शकला कारण त्याच्या गाठीला लाखो पौंड होते. तो परत आला कारण राइट, शिअरर आणि समालोचक बाहेर पडले. कंत्राटावरचा कॅमेरावाला, रोजंदारीवरची उद्घोषक पोरगी चार ओळी लिहील तर कोण बाहेर पडेल? तुमच्यापैकी कोणी वर्तमानपत्रात आहे, कोणी शाळेत, कोणी बँकेत. साहेब बोलावून म्हणतो, फोनवर काय लिहिता ते जपून लिहा. त्या पोराला एकट्यानं शूर व्हायला सांगणं सोपं आहे, आणि ते पाप आहे. त्याच्यामागे दहा जण उभे राहतील अशी सोय आधी करा.

१९५५ साली बाबासाहेब बीबीसीच्या मायक्रोफोनसमोर बसले आणि गांधींबद्दल आपलं मत त्यांनी सोलून सांगितलं. विचारणाऱ्यानं ते मान्य करायची गरज नव्हती. त्यानं विचारलं, यांनी सांगितलं, आणि तो आवाज आजही ऐकता येतो. तिथे नुसता अनुभव नव्हता, निवाडा होता. मायक्रोफोन आपल्याकडे येईल तेव्हा दोन्ही द्यायचे. आणि आपल्या हातात असेल तेव्हा समोरच्यालाही दोन्ही द्यायला लावायचे.