झाडाखालची विश्रांती

(शास्त्रपाठ : १ राजे १९:१-८)



ईजबेल राणीच्या धमकीने एलीया संदेष्टा जीव घेऊन पळाला. रानात एका दिवसाची वाट चालून तो रतामाच्या झाडाखाली बसला आणि त्याने देवाजवळ मरण मागितले. देवाने त्याला दोष दिला नाही, की लगेच नवे काम सांगितले नाही. त्या सावलीत त्याला झोपू दिले आणि दूताकरवी दोनदा उठवून खाऊपिऊ घातले. पुढची होरेबापर्यंतची चाळीस दिवसांची वाट तो त्या अन्नाच्या बळावर चालला.

खचलेल्या जिवाला आधी काय हवे, हे या पाठात दिसते. आपल्या वडीलधाऱ्या सेवकांनीही ते ओळखले होते. मिरजेचे मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस यांनी क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभारले ते गावाच्या दाटीबाहेर, आज ज्याला वानलेसवाडी म्हणतात तेथे. त्या काळी क्षयावर हमखास औषध नव्हते. विसावा, मोकळी हवा आणि सकस अन्न हाच उपचार. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला. पुढे १९५९ साली मद्रास येथील अभ्यासाने दाखवले की, औषधे नियमित घेतली तर घरी राहणारा क्षयरोगीही आरोग्यधामातल्या रोग्याइतकाच बरा होतो. तेव्हा झाडाच्या भरवशावर औषध सोडणे हा विश्वास नव्हे.

मग सावलीचे काम काय? १९८४ साली रॉजर उलरिक या अमेरिकन संशोधकाने पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रोग्यांच्या नोंदी तपासल्या. निम्म्यांना खिडकीतून झाडे दिसत, निम्म्यांना विटांची भिंत. झाडे पाहणारे लवकर घरी गेले व त्यांना वेदनेवरची तीव्र औषधे कमी लागली. अभ्यास लहान होता. तरी देवाने माणसाला प्रथम बागेत का ठेवले, याचा विचार तो करायला लावतो.

उज्जैनमधील नानाखेड्यासारख्या, बसस्थानकाच्या वर्दळीच्या भागात आजारातून उठलेल्या माणसाने घटकाभर कोठे बसावे? माळव्याच्या उन्हाळ्यात एका कडुनिंबाची सावलीही मोठी. तरीही गाड्या उभ्या करण्यासाठी मंडळीच्या आवारातले झाड काढून फरशी घालावी, असे आपल्याला सहज वाटते. तसे करण्यापूर्वी एलीयाची आठवण करू या.

मात्र एलीयाला नुसती सावली पुरली नाही. त्याला स्पर्श करून उठवणारा कोणी आला. मरण मागणारे जीव आपल्या मंडळीतही असतात, आणि ते बहुधा गप्प असतात. अशांना उपदेश करण्याची घाई करू नये. त्यांना डॉक्टरांकडे न्यावे, संध्याकाळी झाडाखाली घेऊन बसावे, बरोबर डबा न्यावा. जो अंथरुणातून उठू शकत नाही, त्याची खाट खिडकीजवळ सरकवावी. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी हा पाठ आवारातल्या झाडाखाली शिकवावा आणि त्या झाडाला पाणी घालण्याची पाळी मुलांकडे द्यावी.

थकलेल्यांना आपल्याकडे बोलावून विसावा देणारा प्रभू येशू आपल्या हातूनही कोणाला विसावा देवो. आमेन.