अंगण वाकडे असते तेव्हा

'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण आपण फार सढळ हाताने वापरतो. ती नेहमी नाचणाऱ्याविरुद्ध आणि अंगणाच्या बाजूने साक्ष देते. पण नाचणारा निपुण आहे, अंगणही सरळ आहे आणि तरी नाच काही जमत नाही, असेही होऊ शकते. अशा वेळी नाचणाऱ्याचे मोल कसे करावे? अमेरिकेतल्या बास्केटबॉलचे व्यवहार पाहताना हा प्रश्न मला नेहमी पडतो. कारण तिथे तो नुसता तत्त्वचर्चेचा राहत नाही; त्याचे उत्तर व्यवहारात द्यावे लागते.

तिथल्या एन.बी.ए. स्पर्धेतले संघ आपसात खेळाडूंची अदलाबदल करतात. खेळाडूबरोबर त्याचा करारही जातो. वेतनमर्यादा ओलांडलेल्या संघाला जेवढ्या पगाराचा खेळाडू द्यायचा, साधारण त्याच बेताच्या पगाराचे खेळाडू परत घ्यावे लागतात. त्यामुळे भारी पगाराचा, पण संघात न रुळणारा खेळाडू बाहेर पाठवणे मोठे जिकिरीचे होते. पुष्कळदा त्याच्यासोबत नवोदित खेळाडू निवडण्याचा आपला पुढचा हक्कही द्यावा लागतो. वरदक्षिणा देऊन केलेली पाठवणीच ही! आणि जिची पाठवणी व्हायची तिला, थोडे अपवाद सोडले तर, इथेही कोणी विचारीत नाही.

२०१९ साली ह्यूस्टनच्या संघाने क्रिस पॉल हा ३४ वर्षांचा खेळाडू ओक्लाहोमाला दिला आणि रसेल वेस्टब्रूकला घेतले. पॉलच्या कराराची तीन वर्षे आणि बारा कोटींहून अधिक डॉलर बाकी होते. ह्यूस्टनने वर पहिल्या फेरीतले दोन निवडहक्कही दिले. बाजाराच्या हिशेबी पॉल हे एक ओझेच होते. या ओझ्याने पुढच्याच हंगामात ओक्लाहोमाला बाद फेरीत नेले. २०२० साली तो फीनिक्सला गेला. २०१० नंतर बाद फेरीचे तोंड न पाहिलेला तो संघ २०२१ साली अंतिम सामन्यांपर्यंत पोचला.

वेस्टब्रूकची कथा अधिक विचार करायला लावणारी आहे. २०१६-१७ च्या हंगामात तो सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. गुण मिळवणे, परतणारे चेंडू पकडणे आणि सहकाऱ्यांना गुण मिळवून देणे, या तिन्हींत त्याची सरासरी दोन अंकी होती. १९६१-६२ मध्ये ऑस्कर रॉबर्टसनने केले, त्यानंतर हे कोणालाच साधले नव्हते. २०२१ साली लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाने त्याला मोठ्या हौसेने आणले. पण तिथे लेब्रॉन जेम्स होता, आणि दोघांचाही खेळ चेंडू हाती असताना फुलणारा. वेस्टब्रूकची दुरून नेम साधण्याची बाजू लंगडी. त्यामुळे चेंडू त्याच्या हाती नसला की प्रतिस्पर्धी त्याला मोकळा सोडून जेम्सभोवती गर्दी करीत. त्या हंगामात ८२ पैकी ३३ सामनेच जिंकता आले. फेब्रुवारी २०२३ मध्ये, पुन्हा एका निवडहक्काची वरदक्षिणा देऊन, त्याला यूटाकडे पाठवण्यात आले. यूटाने त्याला न खेळवताच मोकळे केले. तो क्लिपर्स संघात गेला. म्हणजे त्याच शहरात आणि त्या वेळी त्याच क्रीडागृहात खेळणाऱ्या दुसऱ्या संघात! बाद फेरीतल्या पाच सामन्यांत त्याने सरासरी तेविसाहून अधिक गुण केले. इकडे लेकर्सही त्याच्यावाचून उपांत्य टप्प्यापर्यंत गेले. अंगण तेच होते. बदलले होते ते सोबतचे नाचणारे.

यावरून 'प्रत्येकजण कुठे ना कुठे थोरच असतो' असा गोड निष्कर्ष मी काढणार नाही. निरुपयोगी माणूस नसतोच, दुर्मिळ असतो तो योजक, असे एक जुने सुभाषित सांगते. ते पुष्कळ खरे आहे. पण वेस्टब्रूकचा दुरूनचा नेम क्लिपर्सकडे जाऊन काही कायमचा सुधारला नाही. तेव्हा न्यायाने मोल करायचे तर मोजणी दोन भागांत हवी. माणूस जाईल तिथे जो उणेपणा त्याच्यासोबत जाईल, तो त्याचा. तो गेल्यावर जो मागे उरेल, तो आपला. ही विभागणी न करता सगळे उणे एकाच नावावर मांडणे सोपे असते, कारण जाणारा प्रतिवाद करायला थांबत नाही.

आपल्या घराघरांतून हेच चालते. नको त्या शाखेत बसवलेला मुलगा 'मंद' ठरतो. नव्या घरात घुसमटणारी सून 'जुळवून न घेणारी' ठरते. बास्केटबॉलमध्ये निदान दुसरा संघ असतो आणि त्याच्या मैदानावर पहिल्याचा अंदाज चुकल्याचे सिद्ध होऊ शकते. इथे एकदा लावलेली किंमत जन्मभर चिकटून राहते.

वर उल्लेख केलेला रॉबर्टसन खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष होता. १९७० साली त्याच्या नावाने एन.बी.ए.विरुद्ध खटला उभा राहिला. १९७६ साली तडजोड झाली आणि करार संपल्यावर आपला संघ निवडण्याची वाट खेळाडूंना मोकळी झाली. त्याच १९७० साली सिनसिनाटीने त्याला मिल्वॉकीला देऊन टाकले होते, आणि १९७१ मध्ये मिल्वॉकी विजेता ठरला. मला त्या विजेतेपदापेक्षा तो खटला मोठा वाटतो. मोल करणाऱ्यांच्या पंगतीत, ज्याचे मोल करायचे त्याच्यासाठीही एक पाट मांडला गेला. मुलाविषयी किंवा सुनेविषयी मत ठरवण्यापूर्वी तेवढा पाट आपणही मांडावा आणि विचारावे, 'बाबा रे, बाई ग, तुला कुठे आणि कोणाबरोबर नाचता येईल?'