मूळ कोणते?

तंजावरला जाणारा मराठी माणूस बहुधा सरस्वती महालातील पोथ्या पाहावयास जातो. मीही त्यासाठीच गेलो होतो. परंतु मनात राहिला तो तेथील एका लेथवाल्याच्या दुकानातला प्रसंग. पन्नास वर्षांहून जुन्या अ‍ॅम्बेसेडरच्या क्लचची प्रेशर प्लेट त्याच्यापुढे सुटी करून ठेवलेली होती. बिडाचे हे जाड कडे स्प्रिंगांच्या जोरावर क्लचची तबकडी फ्लायव्हीलवर दाबून धरते. ती पकड असते म्हणूनच इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत पोहोचते. घर्षणाने त्याचा पृष्ठभाग तापून निळा पडतो, त्यावर चरे उमटतात. मग तो घासून सपाट करावयाचा. पण जितके बीड जाते तितका स्प्रिंगांचा दाब उणावतो; म्हणून त्यांच्याखाली वायसर घालावयाचे, थकलेल्या स्प्रिंगा बदलावयाच्या आणि दाब सोडविणाऱ्या तरफांची उंची एकसारखी जुळवावयाची. ती जुळली नाही तर गाडी सुटताना थरथरते.

मालकाचा आग्रह एकच: प्लेट मूळचीच राहावी. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनीही अशा जुन्या वाहनांसाठी मूळ रूप राखण्याची अट घातली आहे. अट योग्यच, पण मूळ म्हणजे नेमके काय? येथे प्रत्येक दुरुस्ती मूळ बीडच थोडेथोडे खात असते. जपण्याच्या कृतीतच जपावयाच्या वस्तूचा क्षय आहे, आणि फार पातळ झालेली प्लेट तडकू शकते. ही निष्ठा मग रस्त्यावरच्या परक्या माणसाच्या जिवावर बेतते.

पाश्चात्त्य तत्त्वचिंतक थीसियसच्या जहाजाच्या फळ्या मोजत आले आहेत. आपल्याकडील जीर्णोद्धाराची कल्पना मला अधिक मोकळी वाटते. बृहदीश्वराच्या ज्या मंदिरात १८०३ चा मराठी शिलालेख आहे, तेथे २०२० मध्ये कुंभाभिषेक झाला. अशा विधीत देवत्व कलशातील जलात उतरवून घेतात, डागडुजी करतात, आणि ते पुन्हा मूर्तीत आणतात. दगड आणि देव यांत भेद मानल्यामुळे दगडाला हात लावण्याचा अपराधभाव उरत नाही. यंत्राला असा कलश कोठला? त्याचे सत्त्व त्याच्या कार्यात, म्हणजे या प्लेटच्या बाबतीत दाबात आहे, असे मी म्हणेन; आणि काय बदलले हे लपविले नाही, तर बदलाने त्याला बाध येत नाही.

लेथवाल्याने बिलावर बदललेल्या स्प्रिंगांची संख्या लिहिली, प्लेटची उरलेली जाडीही लिहिली. मालकाला ती दुसरी ओळ नको होती. पुढे गाडी विकताना अडचण येईल, असे त्याचे म्हणणे. लेथवाल्याने कागदाची घडी करून ती त्याच्या हातात ठेवली आणि दुसरे काम लेथवर चढविले.