चूक आमची, तोटा तुमचा?

2007 साली बंगळुरूच्या कोरमंगल्यातल्या एका फ्लॅटमध्ये फ्लिपकार्ट सुरू झाली. तेव्हापासून इथल्या दोन खोल्यांच्या प्रत्येक ऑफिसला आपण उद्याचे फ्लिपकार्ट आहोत असं वाटतं. वाटू दे. पुण्या-नाशिकहून आलेली आपली मुलंही त्यात आहेत. कुणी पगाराचं सॉफ्टवेअर चालवतं, कुणी जीएसटीचा सल्ला देतं, कुणी इमारतींचे आराखडे करतं. त्यांच्यापुढे व्यावसायिक दायित्व विम्याचा, म्हणजे ‘पीआय’चा विषय काढला की उत्तर ठरलेलं: ‘आमच्यावर कोण केस करतंय?’

पण केस होईल की नाही हा झाला स्वतःच्या कातडीचा हिशेब. आपल्या चुकीनं गिऱ्हाइकाचं नुकसान झालं, तर ते भरून द्यायला आपल्याकडे काय आहे, हे कुणी विचारत नाही.

समजा, पीन्या औद्योगिक वसाहतीतला एक छोटा कारखानदार साठ कामगारांच्या पगाराचं काम तुमच्याकडे सोपवतो. हिशेबात महागाई भत्ता धरायचा राहतो आणि दोन वर्षं पीएफ कमी भरला जातो. नोटीस येते ती कारखानदाराच्या नावानं. थकबाकीवर 12 टक्के व्याज, वर दंड. तो तुमच्याकडे येतो, तेव्हा तुम्ही करारातलं कलम दाखवता: आमची जबाबदारी फीच्या रकमेपुरती. शिवाय कंपनी प्रायव्हेट लिमिटेड. 2015 पासून तिला किमान भांडवलाची अटही उरलेली नाही. सगळं कायद्यात बसतं. पण मर्यादित जबाबदारीची सवलत समाजानं दिली ती माणसाला धंद्यात धाडस करता यावं म्हणून. आपला तोटा दुसऱ्याच्या गळ्यात घालून मोकळं व्हायला नव्हे.

सरसकट सगळ्यांनी हा विमा काढावा असं माझं म्हणणं नाही. लोगो बिघडला तर दुसरा काढून देता येतो. तिथे हप्ता भरणं ही हौस. आपल्या शब्दावर विसंबून दुसरा पैसे भरतो, इमारत बांधतो किंवा औषध घेतो, तिथे मात्र पर्याय नाही. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं डॉक्टरांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली, तेव्हा कुठे अनेक डॉक्टरांना याची निकड जाणवली. धाक आल्याशिवाय आपल्याला विवेक सुचत नाही, हे जुनंच दुखणं.

त्याहून वाईट एक गोष्ट इथे उघड चालते. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकानं करारात अट घातली की आठवड्यात पॉलिसी निघते. पीन्यातल्या माणसाला अशी अट घालायची असते हेच ठाऊक नसतं, म्हणून त्याच्या कामाला विमा नाही. म्हणजे डॉलरमधलं नुकसान ते नुकसान, आणि रुपयातलं ते नशीब?

पुढे अमेरिकन काम संपतं आणि पॉलिसीही सोडली जाते. ही पॉलिसी बहुधा दावा येतो त्या दिवशी चालू असावी लागते. चूक घडली त्या दिवशी ती होती, एवढं पुरत नाही. शिवाय खंड पडला की मागच्या कामांचं संरक्षणही सहसा जातं. मुद्दाम केलेली फसवणूक यात बसत नाही, आणि बसूही नये.

पॉलिसीत आणखी एक कलम असतं: विमा कंपनीला विचारल्याशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही. अनेकजण याचा अर्थ ‘गप्प बसा’ असा लावतात. घडलं काय ते गिऱ्हाइकाला सांगणं वेगळं आणि भरपाई कबूल करणं वेगळं. चूक कळली की त्याच दिवशी विमा कंपनीला लेखी कळवा, आणि कारखानदारालाही सांगा की हिशेबात महागाई भत्ता राहिला आहे, या महिन्यापासून दुरुस्त करा. नाहीतर त्याचं व्याज वाढत राहतं, तुमची अब्रू जपण्यासाठी.

हप्ता खरोखरच परवडत नसेल, तर प्रस्तावाच्या पहिल्या पानावर लिहावं की आमच्याकडे हा विमा नाही. मग समोरचा दर पाडून मागेल किंवा दुसरीकडे जाईल. तो त्याचा हक्क आहे.